हसायचे ते कुणाच्या बाजूने?

गेल्या अंकात डिचोलीच्या एका वाचक भगिनीने विचारले होते, की लग्न न झालेली, नोकरी करणारी बाई नायिका आहे आणि तरीही वाचताना डोळ्यांना पदर लावावा लागत नाही, असे एखादे पुस्तक आहे का. उत्तरादाखल मी हेलन फील्डिंग या इंग्रज लेखिकेच्या ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ या 1996 सालच्या कादंबरीचे नाव सुचवले. लंडनमध्ये एकटी राहणारी, तिशी ओलांडलेली, प्रकाशनसंस्थेत नोकरी करणारी ब्रिजेट वर्षभर रोजनिशी लिहिते, डॅनियल या आपल्या वरिष्ठाच्या प्रेमात पडून फसते आणि मार्क डार्सी नावाच्या ज्या वकिलाला पाहून पहिल्याच भेटीत नाक मुरडते, त्याच्यापाशी अखेरीस येऊन पोहोचते, एवढेच तिचे कथानक. मला वाटले, विषय मिटला. परंतु त्यानंतर आलेल्या पत्रांत काहींनी मनापासून आभार मानले आहेत आणि काहींनी तितक्याच मनापासून कान उपटले आहेत, म्हणून या वेळचे सदर त्या एकाच पुस्तकाला दिले आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. आपल्या शिफारशीवरून पुस्तक मिळवले आणि पहिल्याच पानावर थबकलो. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर वजन किती, दारू किती, सिगारेटी किती, उष्मांक किती, असा तक्ता आहे. असला हिशेब पानेच्या पाने वाचून मराठी वाचकाच्या पदरात काय पडणार? जिला स्वतःच्या पोटाच्या घेराखेरीज दुसरा विषय नाही, अशा बाईवर कादंबरी लिहावी तरी कशाला?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : आपण थबकलात ती जागा अचूक आहे, कारण पुस्तकातला सगळा विनोद त्या तक्त्यातच भरलेला आहे. पहिली नोंद नववर्षाच्या पहिल्या दिवसाची आहे : वजन 9 स्टोन 3 पौंड, दारूची 14 मापे, 22 सिगारेटी आणि 5,424 उष्मांक. यातला पहिला आकडा आपल्या मापात करून पाहावा. तो साडेअठ्ठावन्न किलोच्या आसपास येतो. एवढ्या वजनाची सून घरात आली, तर आपल्याकडच्या सासवा तिला लठ्ठ म्हणणार नाहीत, उलट तिच्या ताटात आणखी एक वाढणी भात घालतील. ब्रिजेट मात्र त्या आकड्यापुढे लगेच सबब जोडते, की हे नाताळच्या खाण्यानंतरचे वजन आहे. एखादा कारकून तुटीच्या रकमेपुढे शेरा मारतो तशी. पुढचे तीन आकडे बेसुमार आहेत आणि काळजी तिला लागली आहे ती नेमकी या एका सर्वसाधारण आकड्याची. ही बाई लठ्ठ नाही, असे लेखिका सुरुवातीला सांगत नाही. ते वाचकाने ताडायचे असते, आणि आकडेमोड न करता पुढे गेलेला वाचक ब्रिजेटला हसत राहतो किंवा आपल्यासारखा तिच्यावर रागावतो.

एप्रिलच्या अखेरची नोंद आपण वाचलीत की नाही, ठाऊक नाही. पुस्तक तिथवर पोहोचण्याआधी मिटले असेल तर ते पुन्हा उघडावे, अशी विनंती आहे. अठरा वर्षे उपाशीतापाशी राहून, कोबी उकडून खाऊन, आकडे लिहून लिहून ब्रिजेट एकदाची 8 स्टोन 7 पौंडांवर, म्हणजे चोपन्न किलोंवर येते. आनंदाने ती एका मेजवानीला जाते. तिथे मैत्रीण विचारते, तुला बरे नाही का, दमलेली दिसतेस; आणि जिवाभावाचा मित्र सांगतो, की तू आधीच बरी दिसत होतीस. घरी येऊन ती लिहिते, की पायाखालचे जाजम कुणी ओढून घ्यावे तसे झाले आहे आणि अठरा वर्षांचे गणित फुकट गेले. दुसऱ्या दिवसापासून आकडे मात्र पुन्हा सुरूच. वर्ष संपताना ती ताळेबंद मांडते तेव्हा वाढलेले वजन आणि घटलेले वजन जवळजवळ सारखेच भरते. या नोंदीत मला पोटाचा घेर दिसत नाही. स्वतःची वही स्वतःच तपासायची आणि स्वतःलाच नापास करायचे, असे शिक्षण ज्या बाईला लहानपणापासून मिळाले तिची ही वही आहे, आणि आपण आयुष्यभर वह्या तपासल्या असल्यामुळे तिच्यातली लाल शाई आपल्या इतरांहून लवकर लक्षात यावी.

दारूच्या मापांविषयी आपण वेगळी तक्रार केली नाहीत, हे बरे झाले. गोव्यात राहून ती शोभली नसती.

प्रश्न : मी चौतीस वर्षांची आहे, ताळगावला स्वतःच्या कमाईच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते आणि मजेत राहते. आपण सुचवलेले पुस्तक वाचून मला संताप आला. नायिका सुशिक्षित, मिळवती आणि स्वतंत्र. तरी तिचे सगळे लक्ष फोनकडे. एक पुरुष तिला फसवतो, दुसरा तिला सावरतो, आणि हे स्त्रीचे पुस्तक म्हणून मिरवते. माझ्यासारखीची चेष्टा माझ्याच हातात देऊन मला हसायला सांगितले जात आहे, असे वाटले. आपल्याला असे वाटले नाही का?
– एक वाचक भगिनी, पणजी

उत्तर : वाटले, परंतु आपल्याला वाटले त्या ठिकाणी नव्हे. आपल्या पत्रात दोन आरोप आहेत आणि त्यांतला एक मला मान्य आहे.

मान्य नसलेला आधी सांगते. ही कादंबरी मुळात 1995 मध्ये लंडनच्या ‘द इंडिपेंडंट’ या वर्तमानपत्रात साप्ताहिक सदर म्हणून सुरू झाली. लंडनमधल्या एकट्या बाईच्या आयुष्याविषयी फील्डिंगने स्वतःच्या नावाने लिहावे, अशी मूळ सूचना होती. तसे लिहिणे फार उघडे पडल्यासारखे होईल म्हणून तिने एक कल्पित बाई उभी केली आणि त्या बाईच्या तोंडून लिहू लागली. माझ्या मते पुस्तकाचा स्वर या एका निर्णयातून आला आहे. चारचौघांत जे म्हणता येत नाही, म्हणजे फोनची वाट पाहिली, वाट पाहिल्याची लाज वाटली, मग फोन तपासून पाहिला की बिघडला तर नाही, ते ब्रिजेट वहीत लिहिते. आपण स्वतंत्र आहोत आणि मजेत आहोत, हे मला शब्दशः मान्य आहे. ब्रिजेटही बाहेर हेच सांगत असते. मजेत असलेल्या बाईने एखाद्या रात्री फोनकडे पाहिले, तर तेवढ्याने तिचे स्वातंत्र्य खोटे ठरत नाही. पण ते लिहिण्याची सोय गंभीर पुस्तकांनी फारशी ठेवलेली नाही. तिच्या उशाशी आत्मसुधारणेची पुस्तके असतात. एक सांगते पुरुषाला मोकळे सोड, दुसरे सांगते धरून ठेव, आणि ती दोन्ही एकाच आठवड्यात पाळायला जाते. चेष्टा होते ती या पुस्तकांची, आणि ती विकणाऱ्या काळाची.

आता मान्य असलेला आरोप. शेवट दुबळा आहे. मार्क डार्सी हे नाव जेन ऑस्टिनच्या 1813 सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधून घेतले आहे, कथानकाचा सांगाडाही तिथलाच आहे आणि लेखिकेने ते लपवलेलेही नाही. ऑस्टिनच्या काळी सुस्थितीतल्या घराण्यातल्या मुलीला लग्नाखेरीज पोट भरण्याचा धड मार्ग नव्हता, त्यामुळे तिथे डार्सीचे येणे हा पैशाचाही प्रश्न होता. ऑस्टिन स्वतः अविवाहित राहिली आणि एकेचाळिसाव्या वर्षी वारली, हे जाता जाता. ब्रिजेटला नोकरी आहे, घर आहे, जीव टाकणाऱ्या मैत्रिणी आहेत. तिच्या कथेला त्या जुन्या सांगाड्याची गरज नव्हती. आईच्या फसव्या प्रियकराचा छडा लावायला शेवटच्या पानांत मार्क धावून येतो तेव्हा तीनशे पाने स्वतःचा हिशेब स्वतः ठेवणारी बाई एकदम बाजूला उभी राहून पाहू लागते. आपला संताप तिथे ठेवावा. मी आपल्या सोबतीला आहे.

प्रश्न : माझ्या यजमानांनी आणि मी हे पुस्तक एकाच आठवड्यात वाचले. ते मोठमोठ्याने हसत होते, मला मात्र बऱ्याच ठिकाणी हसू आले नाही. आमच्यात विनोदबुद्धी कुणाला कमी, याचा निकाल आपण द्यावा.
– एक वाचक भगिनी, मडगाव

उत्तर : निकालाआधी यजमानांना एवढेच विचारावे, की ते कोणत्या पानावर हसले. वाढदिवसाच्या जेवणात ब्रिजेट पातेल्यात निळी दोरी घालून सूप निळे करून ठेवते, त्या पानावर हसले असतील तर तो कुणाच्याही घरात घडेल असा घोटाळा आहे आणि तिथे आपणही हसला असाल. पुरुषाबरोबर बाहेर जाण्याआधीची तयारी वर्णन करताना मात्र ती लिहिते, की बाई असणे हे शेतकरी असण्यापेक्षा वाईट आहे : पायांवरचे पीक काढायचे, काखेतले काढायचे, भुवया खुरपायच्या, टाचा घासायच्या, आणि एका हंगामात दुर्लक्ष झाले की सगळे रान माजते. या परिच्छेदात यजमानांना नवी माहिती मिळाली असेल आणि नव्या माहितीचे हसू मोठे असते. आपल्यासाठी तो रविवार सकाळचा वृत्तान्त आहे. विनोदबुद्धी दोघांचीही शाबूत दिसते.

प्रश्न : मी मराठी विषय घेऊन एम.ए. करत आहे. मराठीत अविवाहित स्त्रीविषयी अशी विनोदी कादंबरी का झाली नाही, असा प्रश्न आमच्या वर्गात निघाला. ‘आपल्याकडे हा प्रश्न गंभीर आहे म्हणून’, असे एका मित्राचे उत्तर होते. ते पुरेसे आहे का?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : प्रश्न गंभीर असणे हे विनोद न होण्याचे कारण कधीच नसते. मराठी नाटकाने हुंड्यावर, जरठकुमारी विवाहावर आणि दारूबाजीवर प्रेक्षकांना हसवत हसवत चाबूक ओढले आहेत.

आपल्याकडे हा विषय मोठ्या ताकदीने आला तो 1933 मध्ये, विभावरी शिरूरकर यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहात. लेखिकेचे खरे नाव बाळूताई खरे. त्या पुढे मालतीबाई बेडेकर झाल्या, पण पुस्तक आले तेव्हा त्या स्वतः अविवाहित होत्या आणि शिक्षणक्षेत्रात काम करत होत्या. शिकलेली, मिळवती मुलगी, तिच्या पगारावर चालणारे घर आणि म्हणूनच तिच्या लग्नाची घाई नसलेले वडील, असा तो काळ आहे. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हे त्यातल्या एका कथेचे नावच पाहावे. त्या पुस्तकावर महाराष्ट्रात गदारोळ उठला, ही विभावरी कोण म्हणून शोधाशोध झाली, बाईच्या नावाने लिहिणारा पुरुष असेल असेही तर्क झाले. खरे नाव पुष्कळ वर्षांनी बाहेर आले. आता लंडन आणि पुणे शेजारी ठेवून पाहावे. दोन्हीकडे एकट्या बाईच्या मनातले लिहिताना लेखिकेला आड उभे राहायला काहीतरी लागले. फील्डिंगने पात्र घेतले, शिरूरकरांनी टोपणनाव घेतले. फरक वाचकांच्या हातात होता : लंडनच्या वाचकांपुढे लेखिकेची लाज गेली असती, पुण्याच्या वाचकांपुढे नोकरी आणि इभ्रत दोन्ही गेली असती. इतके पणाला लागलेले असताना स्वतःवर हसण्याची चैन कुणाला परवडते? आपल्या मित्राचे उत्तर मी असे दुरुस्त करीन.

बायकांना उपरोध जमत नव्हता, असे मात्र समजू नये. ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली, तिच्यातला तिखटपणा आजही झोंबतो. तो रोख पुरुषांवर होता. अविवाहित बाईने स्वतःच स्वतःची गंमत सांगण्यात दुसरी एक अडचण होती, आणि ती आपल्या शब्दांत आहे. मुलगी ‘उजवतात’, तिचे ‘हात पिवळे करतात’, ती ‘खपते’ किंवा ‘उरते’, आणि फारच उरली तर ‘घोडनवरी’ होते. यातल्या निम्म्या क्रिया तिच्यावर कुणीतरी दुसराच करतो आणि उरलेल्या बाजारातल्या मालाला लागू पडतात. ब्रिजेटच्या मैत्रिणी आपल्याला ‘सिंगलटन’ म्हणवून घेतात आणि संसारात मुरलेल्या जोडप्यांच्या आत्मसंतुष्टपणावरही त्यांनी खास नाव बसवले आहे. म्हणजे टेहळणीचे बुरूज दोन्ही बाजूंना आहेत. लग्न झालेल्यांनी तिला नाव ठेवायचे आणि तिने त्यांना ठेवायचे नाही, अशा भाषेत विनोद एकाच दिशेने वाहतो. मराठी रंगभूमीवरच्या चष्मेवाल्या, चिडक्या मास्तरीणबाई आपल्याला आठवत असतील. त्यांनी रोजनिशी लिहिली असती तर तिच्यात काय आले असते, यावर वर्गात एक निबंध लिहून घ्यावा.

प्रश्न : माझे वय अठ्ठावन्न. लग्न झाले नाही. का झाले नाही, ती मोठी कथा आहे. भावाच्या कुटुंबाबरोबर आमच्या मूळ घरात राहते. भाचीने हे पुस्तक आणून दिले आणि अडलेले इंग्रजी समजावून सांगितले. वाईट नाही, पण ते मुंबई-लंडनच्या मुलींसाठी आहे. आमच्यासारख्या, चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला पुढे आणि फोटो काढताना मागे असलेल्या बायकांचे त्यात काय आहे?
– एक वाचक भगिनी, सांगे

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले आणि पुस्तकही पुन्हा चाळले. आपण म्हणता ते खरे आहे. ब्रिजेटच्या एकटेपणाचे भाडे वेळच्या वेळी भरलेले असते. ती दार लावून रडू शकते. भरल्या घरातल्या बाईला रडण्यासाठी खोली मिळत नाही आणि त्या एकटेपणाविषयी पुस्तकात एक ओळही नाही.

तरी एक प्रसंग आपल्या ओळखीचा निघेल. पुस्तकाच्या सुरुवातीलाच, नववर्षाच्या दिवशी आईच्या मैत्रिणीच्या घरी टर्की पक्ष्याच्या रश्श्याचे जेवण असते. जो भेटतो तो ब्रिजेटला विचारतो, की तुझ्या प्रेमप्रकरणांचे कसे काय चालले आहे, लग्नाचे कधी मनावर घेणार. विचारणारे प्रेमळ असतात, ताट भरून वाढतात आणि म्हणूनच त्यांना उत्तर देता येत नाही. चवथीच्या आदल्या रात्री नेवऱ्या भरायला बसलेल्या बायकांत, पिठाचा हात न थांबवता, एखादी काकी ‘औंदा तरी?’ म्हणते, तेव्हा जे होते ते हेच. आपल्या वयाला तो प्रश्न थांबला असेल. तो कधी थांबला आणि थांबल्याचे बरे वाटले की कसेसेच झाले, हे कुणी लिहिले तर मला वाचायला आवडेल, आणि आपण लिहिले तर अधिक.

ब्रिजेटची एक भीती मात्र इथे चालणार नाही. आपण फ्लॅटमध्ये एकट्याच मरून पडू आणि तीन आठवड्यांनी अर्धे कुत्र्याने खाल्लेले सापडू, असे तिला वाटत असते. गोव्याच्या वाड्यावर ते शक्य नाही. सकाळी पोदेर सायकलचा पोंगा वाजवत येतो, फाटकाला टांगलेल्या पिशवीत पाव टाकून जातो. ती पिशवी दहा वाजेपर्यंत तशीच लोंबकळत राहिली, तर अकराला शेजारीण दारात असते आणि बाराला बातमी चर्चपलीकडे पोहोचते. कधीकधी तेच नको वाटते, ही गोष्ट वेगळी.

भाडे भरलेले असण्याचा उल्लेख केला म्हणून आणखी एक लिहिते. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून गोव्यात लागू झाली आणि तिचे कौटुंबिक कायदे 1961 नंतरही चालू राहिले. तिच्यावर आधारलेल्या इथल्या वारसाकायद्यात मुलगा आणि मुलगी यांचा वारसा समान आहे आणि मुले असताना आईबापांना निम्म्याहून अधिक मिळकत मर्जीप्रमाणे देऊन टाकता येत नाही. काही राज्ये सोडली तर देशात इतरत्र हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क 2005 च्या दुरुस्तीने मिळाला. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार’, या प्रश्नाला इथल्या कायद्याने निदान भिंतींपुरते उत्तर फार आधी देऊन ठेवले होते. आपण पत्रात ‘भावाच्या कुटुंबाबरोबर आमच्या मूळ घरात’ असे लिहिले आहे. त्यातला ‘आमच्या’ हा शब्द कुणाच्या सांगण्यावरून हक्कसोडीच्या कागदावर सही करून गेलेला नसेल, तर तो तसाच ठेवावा.

प्रश्न : एवढे वाचण्यापेक्षा चित्रपट पाहिला तर चालेल का?
– एक वाचक, वास्को

उत्तर : चालेल, पण मग तक्ता बुडेल. शॅरन मॅग्वायर दिग्दर्शित 2001 चा चित्रपट गमतीदार आहे, परंतु वहीतल्या बाईचे वजन वाचकाला दिसत नाही आणि पडद्यावरचे दिसते. भूमिकेसाठी रेने झेलवेगर या अभिनेत्रीने मुद्दाम वजन वाढवले होते. म्हणजे पुस्तकात जी बाई मुळात लठ्ठ नव्हती ती दाखवण्यासाठी एका खऱ्या बाईला भरपूर खावे लागले, आणि नंतर ते उतरवावे लागले. या गोष्टीवर ब्रिजेटने एक नोंद नक्की लिहिली असती.

प्रश्न : पुढे ब्रिजेटचे काय झाले? सुखी झाली का?
– एक वाचक भगिनी, काणकोण

उत्तर : दुसरे पुस्तक 1999 मध्ये आले, ते पहिल्याच्या मानाने पसरट आहे आणि वाचले नाही तरी चालेल. तिसरे 2013 मध्ये आले, आणि त्यात मार्क डार्सी हयात नाही, हे कळताच इंग्लंडमधले वाचक चिडले. पणजीच्या ज्या वाचक भगिनीला तो तारणहार म्हणून खटकला तिला हे कळवणे माझे कर्तव्य आहे. ब्रिजेट आता एकावन्न वर्षांची विधवा आहे, पदरी दोन लहान मुले आहेत, आणि रोजनिशी चालूच आहे. वजन आहे, उष्मांक आहेत, आणि एक नवीन रकाना वाढला आहे : ट्विटरवर आपल्या मागे किती माणसे आली. पहिल्या दिवशी तिथे शून्य लिहिले आहे.